प्रस्तावनेतला यहूदी

ग्रंथ वाचून दाखवायचा तो शुक्रवार उजाडला, तेव्हा शेमार्यानं पेटीतून निळा झगा काढला. सणासुदीलाच अंगावर चढणारा. जमीलानं तो झटकून त्याच्या खांद्यावर टाकला आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली.

"पाद्र्यांच्या सभेला निघालात की लग्नाला?"

"आज बाबांचं नाव घेतलं जाणारे गं," शेमार्या म्हणाला. "जुनेर घालून कसा जाऊ?"

 तिनं मग झग्याचा गळा नीट केला.

शेमार्याचे वडील हकीम नथान. दक्षिणेकडच्या ल्युसेना गावात त्यांचं मोठं नाव होतं. तिकडे नवे राज्यकर्ते आले आणि त्यांनी यहुद्यांना सांगितलं, धर्म बदला नाहीतर चालते व्हा. तेव्हा म्हाताऱ्यानं एका खेचरावर घरातली भांडी न लादता पुस्तकं लादली. डोंगरातल्या थंडीनं वाटेतच त्याचा जीव घेतला. तोलेदोच्या वेशीत शिरले ते शेमार्या, त्याची बायको, तान्हं मूल आणि ते खेचर. पुस्तकांत तापांवरचा एक जाडजूड अरबी ग्रंथ होता, आणि त्याच्या कडेच्या कोऱ्या जागेत हकीम नथाननं चाळीस वर्षांच्या वैद्यकीत जे पाहिलं ते बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. ग्रंथकर्ता कुठे चुकला, कुठलं औषध कुणाला लागू पडलं, कुणाला नाही.

त्या ग्रंथामुळेच डॉन पेलायो शेमार्याच्या दारात आला होता. कॅथेड्रलचा पाद्री, गोल चेहऱ्याचा, जिना चढताना धापा टाकणारा आणि पुस्तक म्हटलं की तहानभूक विसरणारा. त्याला अरबी यायचं ते सलाम-दुआपुरतं. शेमार्याला लॅटिनचं अक्षर ओळखता येत नव्हतं. मग दोघांनी मिळून जमवलं. कॅथेड्रल म्हणजे जुनी मशीदच, नुसती वर घंटा चढवलेली. तिच्यामागच्या एका खोलीत दोघे समोरासमोर बसत. शेमार्या अरबी वाक्य मनात वाचायचा, ते रस्त्यावरच्या कास्तिलियन बोलीत मोठ्यानं सांगायचा, आणि पेलायो ते लॅटिनमध्ये उतरवायचा. एकेका शब्दासाठी सकाळ जायची. भांडणं व्हायची. "अरे, हा ताप 'चढतो' की 'येतो'?" पेलायो विचारायचा. "तुझ्या त्या अरबाला नक्की म्हणायचंय काय?" शेमार्या खोकून, थरथरून, घाम पुसून ताप करून दाखवायचा, आणि पेलायो पोट धरून हसायचा.

अशी नऊ वर्षं गेली. पेलायोच्या घरचं शिजवलेलं शेमार्याला चालत नसे, म्हणून पेलायो त्याच्यासाठी अंजीर आणि अक्रोड आणून ठेवी. पाण्यासाठी त्यानं एक काचेचा पेला वेगळा ठेवला होता, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. शेमार्याचा मुलगा गोवरानं गेला तेव्हा पेलायो यहुद्यांच्या आळीत आला, सगळ्यांच्या देखत जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. आळीत पुढे कितीतरी दिवस त्याचीच चर्चा होती.

हकीम नथानच्या टिपणांचं ठरलं ते त्यानंतरच. शेमार्या म्हणाला होता, "डॉन पेलायो, एवढं मागतो. बाबांची टिपणं ग्रंथात घ्या, आणि खाली त्यांचं नाव."

"नाव म्हणजे काय!" पेलायोनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. "पॅरिसमध्ये वाचतील लोक तुझ्या बापाचं नाव. माझा शब्द आहे, शेमार्या."

सभेचं दालन भरून गेलं होतं. पुढे आर्चबिशप, हा फ्रान्सहून आलेला. त्याच्या बाजूला पाद्री, आणि पुस्तकांच्या शोधात उत्तरेकडून आलेले दोन-तीन विद्वान. शेमार्या अगदी मागे, खांबाशेजारी उभा राहिला. त्याच्या जवळ चर्मपत्राचा व्यापारी मिकाएल होता. धर्मानं ख्रिस्ती, बोलायला अरबी, आणि चर्चमध्ये लहानपण गेल्यामुळे लॅटिनही जाणणारा. त्यानं शेमार्याच्या झग्याकडे पाहून भुवया उडवल्या. शेमार्या हसला.

पेलायो उभा राहिला. नवी टोपी, दाढी कोरलेली. घसा साफ करून त्यानं प्रस्तावना वाचायला घेतली.

शेमार्याला अर्थ कळत नव्हता, पण आवाज कळत होता. नऊ वर्षं ऐकलेला आवाज. वाक्य लांब असलं की शेवटी तो कसा खाली येतो, अभिमान वाटला की कसा नाकात जातो. तो डोळे मिटून ऐकत राहिला. आणि मग एक शब्द आला. यहूदी. लॅटिनमधला तेवढा शब्द त्याला ठाऊक होता. त्याच्या जातीतल्या कुणालाही तो ठाऊक असतो. दोन-चार माथी मागे वळली. पेलायो पुढे वाचत होता, आणि आता कुणीतरी हसलं, मग आणखी काही जण हसले. आर्चबिशपही गालात हसला आणि त्यानं मान लांब करून मागे पाहिलं.

आपलीच ओळख करून देतायत, असं शेमार्याला वाटलं. नऊ वर्षांतली एखादी गंमत सांगितली असेल. तापाचं सोंग करून दाखवायचो ते असेल. तो खांबापासून पुढे झाला, उजवा हात छातीवर ठेवला आणि कमरेत वाकून त्यानं सगळ्या सभेला अभिवादन केलं.

दालनात हास्याचा स्फोट झाला.

तो हसऱ्या तोंडानंच सरळ झाला. पेलायो वाचायचा थांबला होता. क्षणभर दोघांची नजर भिडली. मग पेलायोनं मान खाली घातली आणि पुन्हा वाचू लागला, जरा भराभर. शेमार्यानं बाजूला पाहिलं. मिकाएल हसत नव्हता. तो जमिनीकडे पाहत होता.

बाहेर पडल्यावर शेमार्यानं त्याला गाठलं. "मिकाएल, काय म्हणाले रे? बाबांचं नाव मला ऐकू नाही आलं."

"घरी जा. संध्याकाळपासून तुमचा शब्बाथ, विसाव्याचा वार."

"अजून वेळ आहे. सांग ना."

"शेमार्या, सोड."

"अरे, एवढं काय आहे त्यात? माझ्याच पुस्तकाची प्रस्तावना आहे!"

मिकाएल थांबला. इकडे तिकडे पाहून त्यानं त्याला एका बंद दुकानाच्या पायरीवर ओढलं. "ऐकायचंच आहे? मग मला मधे थांबवू नकोस, नाहीतर पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही." त्यानं अरबीत, आवाज खाली ठेवून सांगितलं. "म्हणतो, अरबी मी माझ्या कष्टानं शिकलो आणि हा ग्रंथ एकट्यानं भाषांतरला. मजकूर वाचून दाखवायला एक यहूदी ठेवला होता. पण त्या जातीचा जो स्वभाव, तसाच तो. आळशी, चुकार, आणि ख्रिस्त्यांना ज्ञान द्यायला नाखूश. तेव्हा ग्रंथात जिथं चूक सापडेल, तिथं वाचकानं ती त्या यहुद्याची समजावी."

शेमार्या ऐकत होता. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"टिपणांचं काय म्हणाला?"

मिकाएलनं तोंडावरून हात फिरवला. "म्हणाला, पोथीच्या कडेला कुणा अडाण्यानं काहीबाही खरडलं होतं, ते मी गाळलं. त्या जागी माझ्या स्वतःच्या अनुभवातल्या गोष्टी घातल्या. मग एक वाचूनही दाखवली. कुणा रंगाऱ्याच्या मुलीला दर तिसऱ्या दिवशी ताप यायचा, इथे तोलेदोत, आणि ह्यानं तिला वाळुंजाच्या सालीचा काढा दिला."

"ती ल्युसेनातली," शेमार्या म्हणाला. "सेतीबोना तिचं नाव. बाबा रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचे. पेलायोनं उभ्या जन्मात कुणाची नाडी धरलेली नाही."

"मला माहितीये."

"आणि मी वाकलो," शेमार्या म्हणाला. "हसले, तेव्हा मी वाकलो."

मिकाएलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शेमार्यानं तो हळूच बाजूला केला आणि घरी चालता झाला.

घरात त्यानं एका वाक्यात सांगितलं. जमीला दिव्यांना तेल घालत होती. तिनं तेलाचं भांडं खाली ठेवलं, त्याच्याजवळ आली आणि त्याच्या अंगावरचा निळा झगा काढून घेतला. घडी घातली, पेटीत टाकला. रडली नाही, की 'मी म्हटलं नव्हतं का' असंही म्हणाली नाही.

ते दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या तिच्या भावानं म्हटलं. मेईर रेशमाचा व्यापारी, तोंडाचा फटकळ. रात्रभर निखाऱ्यांवर ठेवलेलं हरभऱ्यांचं आणि मटणाचं मडकं मधे उघडलं होतं, आणि तो त्यात पाव बुडवत बोलत होता.

"नऊ वर्षं मी सांगतोय. नऊ वर्षं! आळीत लोक काय म्हणायचे माहितीये? शेमार्याला पाद्र्यानं पाळलाय."

"मेईर, जेव," जमीला म्हणाली.

"जेवतोच आहे. पण ह्याला कळायला नको? तो पहिल्यापासून वैरीच होता तुमचा. गरज होती तोवर अंजिरं चारली."

"नाही," शेमार्या एकदम म्हणाला, इतक्या जोरात की मेईरचा घास हातातच राहिला. "वैरी नव्हता. तुला काय माहीत? माझं पोर गेलं तेव्हा तू वसुलीला सेगोव्याला गेला होतास. तो इथं जमिनीवर बसला होता, ह्या इथं. ते खोटं नव्हतं. वैऱ्यानं केलं असतं तर मी थुंकून मोकळा झालो असतो."

 मडक्यातलं अर्धं तसंच राहिलं.

रविवार पेलायोच्या चर्चचा. सोमवारी सकाळी शेमार्या नेहमीप्रमाणे त्या खोलीत गेला. का गेलो, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आपल्याला पाहताच पेलायो पायाशी लोळण घेईल, असं कुठेतरी वाटत होतं का? पेलायो कलम तासत बसला होता. अंजिरं मांडलेली. काचेचा पेला भरलेला.

"ये ये! मला वाटलं आज येतोस की नाही." त्यानं शेमार्याच्या चेहऱ्याकडे चोरून पाहिलं. "शुक्रवारी काय गर्दी होती नाही? आर्चबिशप जाम खूश आहेत. म्हणाले, आता डोळ्यांचा ग्रंथ होऊ द्या. बस, बस."

ह्याला वाटतंय मला कळलेलं नाही, शेमार्याच्या ध्यानात आलं. मी लॅटिन न जाणणारा, वाकून नमस्कार करणारा. तो बसला. समोर डोळ्यांच्या रोगांवरचा ग्रंथ उघडा होता, तोही वडिलांच्याच खेचरावरून आलेला. त्यानं पान लावलं आणि सांगायला लागला. पेलायो लिहू लागला. खोलीत कलमाची कुरकुर सुरू झाली.

तान्ह्या मुलांचे डोळे चिकटतात, त्यावरच्या मलमाचं प्रकरण होतं. मध, केशर, आणि तांब्यावर चढणारा हिरवा जंगाल, जवाच्या एका दाण्याएवढा. जास्त झाला तर डोळा जळतो, असं ग्रंथकर्त्यानं तिथंच बजावलं होतं.

"जंगाल," शेमार्या म्हणाला. "दहा दाणे."

"दहा दाणे," पेलायो पुटपुटला आणि त्यानं लिहिलं.

वर पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा विचारलं नाही. शेमार्या त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहत राहिला. हा माणूस आपण सांगू ते लिहील. विष अमृत म्हणून सांगितलं तरी लिहील. ज्याला त्यानं जगासमोर चुकार आणि लबाड ठरवलं, त्याच्या शब्दावर त्याचा इतका आंधळा विश्वास होता. शाई अजून ओली होती. ही पोथी उद्या पॅरिसला जाईल, तिथून आणखी कुठे. कुठल्या तरी गावात एखादी आई मांडीवर पोर घेऊन बसेल, आणि वैद्य पोथीत पाहून मलम खलेल. पेलायोचं नाव बदनाम होईल. नाहीतर तेही होणार नाही. चूक यहुद्याची समजावी, असं तर त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं.

"एक," शेमार्या म्हणाला.

"काय एक?"

"एक दाणा. दहा नाही. खोडून टाक."

पेलायोनं मान वर केली. नऊ वर्षांत शेमार्यानं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"चुकून बोललास?"

"चुकून नाही. मुद्दाम बोललो. दहा दाण्यांनी पोरं आंधळी झाली असती. खोड आधी."

पेलायोनं घाईघाईनं चाकू घेऊन तो शब्द खरवडला.  खरवडून झाल्यावरही तो चाकू खाली ठेवेना.

"कुणी सांगितलं तुला?" अखेर त्यानं विचारलं.

"दालनभर लोकांना कळलं. मला तेवढं कळलं नाही म्हणून मी नमस्कार केला."

"शेमार्या, ऐक. तसं नाहीये ते. मला ते पद मिळायचंय. आर्चबिशपच्या खालोखालचं पद आहे, आणि तो फ्रेंच माणूस, त्याला यहुद्यांचं नाव काढलेलं खपत नाही. मी तुझं नाव घातलं असतं तर ग्रंथ गेलाच नसता पुढे. मग तुझ्या बापाची विद्या कुठे पोचली असती?"

"नाव नको होतं तर गाळायचं होतंस. मी रडलो असतो, पण गप्प बसलो असतो. शिव्या का घातल्यास?"

पेलायोनं चाकू उलटासुलटा केला. मग म्हणाला, "सभेला आला होता ना, त्या इंग्रज पंडितानं आधीच पानं मागून घेतली होती. त्याला चुका सापडल्या. बऱ्याच. सगळ्यांसमोर काढणार होता. कुणाच्या तरी अंगावर घालायला हव्या होत्या."

"चुका कुणाच्या होत्या?"

"माझ्या," पेलायो म्हणाला. "माझं व्याकरण."

निदान हे तरी तो खोटं बोलला नाही. शेमार्याला त्याचाच जास्त राग आला.

"आणि बाबा? त्यांनी तुझं काय बिघडवलं होतं? अडाणी म्हणालास त्यांना. त्यांनी बरी केलेली मुलगी उचलून आपल्या नावावर घातलीस. तू शब्द दिला होतास."

"मला वाटलं..." पेलायो अडखळला. त्याचा गोल चेहरा घामानं डबडबला होता. "तुला लॅटिन येत नाही. मला वाटलं, तुझ्यापर्यंत ते कधी पोचणारच नाही. तुला लागणार नाही. आपलं इथलं सगळं होतं तसंच राहील."

शेमार्या उठला. त्यानं डोळ्यांचा ग्रंथ मिटला, कापडात गुंडाळला आणि काखेत मारला. मग कोपऱ्यातून तापांचा ग्रंथही घेतला, वडिलांच्या अक्षराचा.

"हे काय करतोयस? शेमार्या! मी दुसरी प्रस्तावना लिहीन. पद मिळू दे, मग लिहीन. देवाशपथ लिहीन."

"नऊ वर्षं मी बोललो आणि तू लिहिलंस," शेमार्या दारात थांबून म्हणाला. "आता तुला हवं ते तुझं तू बोल."

जिन्यावरून उतरताना मागून पेलायोची हाक येत होती. "अरे, निदान बस तरी! शेमार्या!" तो थांबला नाही.  रस्त्यावर आल्यावर मात्र भिंतीला धरून तो थोडा वेळ उभा राहिला.

त्या उन्हाळ्यात पेलायोला पद मिळालं. घंटा वाजल्या. जमीला खिडकी लावायला उठली तर शेमार्या म्हणाला, "राहू दे गं, उकडतंय." फ्रान्समधल्या नार्बोनच्या यहुद्यांकडून निरोप आला होता, तिकडे अरबी कुणाला येत नव्हतं आणि वैद्यकीची पुस्तकं हवी होती. शेमार्या आता घरात एकटा बसून तोच तापांचा ग्रंथ हिब्रूत करत होता. पहिल्या पानावर त्यानं आधी वडिलांचं नाव लिहिलं, गावासकट. काम पुढे सरकत होतं, पण आनंदानं नाही. शब्दावर अडला की भांडायला समोर कुणी नसायचं.

सुगीच्या दिवसांत एका सकाळी तो बाजारात वांगी निवडत होता. गर्दी बाजूला झाली आणि एक पांढरं खेचर येऊन थांबलं. वर पेलायो, भारी कापडात, आणखी जाड झालेला. दोन नोकर पुढे-मागे. शेमार्याला पाहताच तो सगळ्यांच्या देखत धडपडत खाली उतरला.

"बरा आहेस? जमीला बरी आहे?"

"बरे आहोत."

"मी सध्या ताऱ्यांचा ग्रंथ घेतलाय. एक जण मिळालाय सांगायला, पण तो तुझ्यासारखा..." पेलायोनं वाक्य सोडून दिलं. मग खिशातून एक चिटोरं काढलं. त्यावर एकच अरबी शब्द लिहिलेला होता. "हा शब्द आहे बघ. एका ताऱ्याचं नाव. महिनाभर अडलोय. त्यालाही सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. तुला नक्की येत असेल."

शेमार्यानं चिटोऱ्याकडे पाहिलं. शब्द त्याला येत होता. लहानपणी गच्चीवर झोपताना वडिलांनी तो तारा बोटानं दाखवला होता. पेलायो तोंड किंचित उघडं टाकून वाट पाहत होता, त्या खोलीत पाहायचा अगदी तशीच. चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. फक्त त्या एका शब्दाची भूक होती.

"नाही आठवत, डॉन पेलायो," शेमार्या म्हणाला. "तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारा."

ते 'तुम्ही' ऐकून पेलायोचा चेहरा उतरला. त्यानं चिटोऱ्याची घडी घातली, मान हलवली, नोकरानं हात दिला आणि तो खेचरावर चढला. जाताना त्यानं एकदा वळून पाहिलं.

शेमार्यानं हाताला येतील ती वांगी पिशवीत भरली. दहा दाण्यांचं खोटं त्यानं तिथल्या तिथं मागे घेतलं होतं; हे घेतलं नव्हतं. त्यानं बरं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही वाटत नव्हतं.

घरी जमीलानं पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि एकेक वांगं फिरवून पाहिलं.

"अहो, हे काय आणलंत? निम्मी किडकी आहेत."

"हो?" तो म्हणाला, आणि तिच्याजवळ बसून किडकं तेवढं कापून टाकू लागला.